नाल्याचे शेवटचे टोक

केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने ऑक्टोबर २०२५ मध्ये शहरी पूरजोखीम व्यवस्थापन कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्याला मान्यता दिली. भोपाळ, भुवनेश्वर, गुवाहाटी, जयपूर, कानपूर, पाटणा, रायपूर, तिरुअनंतपुरम, विशाखापट्टणम, इंदूर आणि लखनौ ही ती अकरा शहरे. एकूण तरतूद सुमारे २,४४४ कोटी रुपयांची. पहिल्या टप्प्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार सात महानगरे होती. मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना प्रत्येकी ५०० कोटी, तर पुणे, बेंगळूरु, हैदराबाद आणि अहमदाबाद यांना प्रत्येकी २५० कोटी रुपये सुचवण्यात आले होते. नव्या यादीतली बहुतेक शहरे समुद्रापासून दूर आहेत. तिथे जो ‘पूर’ येतो, तो नदी पात्र सोडून आल्यामुळे क्वचितच येतो. आभाळातून पडलेल्या पाण्याला वाट न सापडल्यामुळे तो बहुतेकदा जागच्या जागी तयार होतो.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे उत्तर प्रदेशात गेली, आणि इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे जुने नकाशे पाहण्याची खोड मला आधीपासून आहे. त्यामुळे या मंजुरीची बातमी वाचल्यावर माझ्या मनात रकमेच्या आधी एक वेगळा प्रश्न आला. लखनौच्या वाट्याचा पहिला रुपया नाल्याच्या कोणत्या टोकाला खर्च होणार?

लखनौचे नाव या यादीत येणे साहजिकच होते. १६ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे शहरात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, छावणी भागातील दिलकुशा परिसरात भिंत कोसळली आणि तिच्या आडोशाला झोपड्यांत राहणारे नऊ जण दगावले. ३१ जुलै २०२४ रोजी विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना पाऊस आला आणि विधान भवनातच पाणी शिरले. महापालिकेच्या मुख्यालयाचीही तीच गत झाली. जुलै २०२५ मध्ये ठाकूरगंज भागात एक कामगार उघड्या नाल्यात पडून वाहून गेला. या तीन घटनांपैकी देशभर दाखवली गेली ती अर्थातच विधान भवनाची. आमदार पाण्यातून वाट काढताना दिसले, दुसऱ्या दिवशी खुलासे झाले, पंप आले.

विधान भवनापासून पंधराएक किलोमीटरवर नैर्ऋत्येला सरोजिनी नगर आहे. मराठी वाचकाला हे नाव ऐकून दिल्लीची कपड्यांची बाजारपेठ आठवेल. हे सरोजिनी नगर वेगळे. लखनौहून कानपूरकडे निघाले की चारबाग, आलमबाग, मग अमौसीचा विमानतळ आणि त्याच्या आगेमागे पसरलेला हा तालुक्याचा भाग. राज्याच्या पहिल्या राज्यपाल सरोजिनी नायडू यांचे नाव तो वागवतो. १९६० मध्ये इथे सैनिकी शाळा उभी राहिली, नंतर स्कूटर्स इंडियाचा सरकारी कारखाना आला. ‘विक्रम’ नावाच्या तीनचाकी ज्यांनी उत्तर भारतात पाहिल्या, त्यांनी या कारखान्याचा माल पाहिला. तो कारखाना आता बंद आहे. मात्र नादरगंज आणि अमौसीच्या औद्योगिक वसाहती आहेत, ट्रान्सपोर्ट नगर आहे, मेट्रोचे टोक आहे, आणि या सगळ्यांत राबणाऱ्या माणसांच्या भाड्याच्या तळमजल्याच्या खोल्या आहेत. पाऊस पडला की प्रथम त्या खोल्यांत पाणी येते. त्याची बातमी स्थानिक पुरवणीच्या आतल्या पानावर येते, विधान भवनाची पहिल्या पानावर. पाणी मात्र विधान भवनातून काही तासांत ओसरते. इथे ते मुक्काम करते.

हा मुक्काम का पडतो, हे समजण्यासाठी जमीन पाहावी लागते. लखनौ समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि नदीच्या वाटेने समुद्र हजार किलोमीटरहून दूर आहे. म्हणजे समुद्रापर्यंतचा सरासरी उतार किलोमीटरला वीतभरही भरत नाही. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वाढलेल्या माणसाला याची कल्पना येणे कठीण. आपल्याकडे ओढा स्वतःची वाट स्वतः काढतो. गंगेच्या मैदानात पाण्याला बराच वेळ कळतच नाही की जायचे कुठे. त्यातही सरोजिनी नगर दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात येते. उत्तरेला गोमती, दक्षिणेला सई. शहराच्या बाजूचे काही पाणी गोमतीकडे वळते. पण अमौसीच्या दक्षिणेला, बिजनौर आणि बंथरा या बाजूंना पडलेले पाणी सईच्या खोऱ्यातले आहे. (हे बिजनौर लखनौचेच एक गाव; त्याच नावाच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.) सई हरदोई जिल्ह्यात उगम पावते, कानपूर रस्त्याला बनीच्या पुलाखालून ओलांडते आणि पुढे रायबरेली, प्रतापगढ असा लांबचा फेरा घेऊन जौनपूर जिल्ह्यात गोमतीला मिळते.

थोडक्यात, लखनौ महापालिकेच्या हद्दीत पडणारे पाणी दोन वेगवेगळ्या नद्यांकडे जाते. शहराचे सगळे आराखडे, घाट, सांडपाणी केंद्रे, बंधारे आणि अभिमान यांची तोंडे मात्र एकाच नदीकडे आहेत.

या जमिनीचा आणखी एक गुण आहे. बंथरा येथे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे एक संशोधन केंद्र आहे. ते तिथे निघाले ते ऊसर जमिनीचा अभ्यास करण्यासाठी. ऊसर म्हणजे आपल्याकडची चोपण जमीन. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन विखुरतात आणि थर घट्ट होतो, खाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीच्या खड्यांचा कठीण पापुद्रा असतो, आणि पाणी मुरत नाही. अशा जमिनीत एकेकाळी शेती होत नव्हती, म्हणून ती स्वस्त होती. स्वस्त होती म्हणून विमानतळ, कारखाने आणि पुढे वसाहतींना ती सोयीची वाटली. जिथे पाणी मुरत नाही आणि वाहतही नाही, तिथे जुन्या गावांनी एकच उपाय केला होता: तळी. प्रत्येक गावाचे एक, मोठ्या गावाची दोन-तीन, आणि एक भरले की दुसऱ्याकडे जाणारी उथळ चर. त्या चरीला नाला म्हणावे इतकीही ती खोल नसे.

हे कोरडे भूगोलाचे वर्णन वाटत असेल तर १८५७ कडे पाहावे. हॅवलॉक आणि औट्रम यांच्या फौजेने लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी सप्टेंबर १८५७ मध्ये कानपूरहून कूच केले. बनीच्या पुलावरून त्यांनी सई ओलांडली ती मुसळधार पावसात, आणि २३ सप्टेंबरला ते आलमबागेत पोहोचले. म्हणजे आजचे सरोजिनी नगर त्यांनी भर पावसात आडवे तुडवले. हॅवलॉकचा बेत शहराला पूर्वेकडून वळसा घालून दिलकुशाच्या बाजूने शिरण्याचा होता. पण पावसाने भिजलेल्या जमिनीत तोफा ओढता येणार नाहीत, या कारणावरून तो बेत सोडावा लागला आणि २५ तारखेला चारबागच्या पुलावरून थेट हल्ला झाला. त्या हल्ल्यात आणि पुढच्या गल्ल्यांतल्या लढाईत इंग्रजांची फार मोठी हानी झाली. सप्टेंबर महिन्यात ही जमीन पाण्याखाली असते, हे सैन्याला दोन दिवसांत कळले. नगररचनेला ते अजून पुरते उमगलेले दिसत नाही.

चारबागचा तो पूल ज्या पाण्यावर होता, त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. नवाब गाझीउद्दीन हैदर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कालवा गंगेचे पाणी गोमतीत आणण्यासाठी खोदायला घेतला होता. तो पूर्ण झाला नाही, गंगेचे पाणी त्यात कधी आले नाही. १८५७-५८ मध्ये तो शहराचा खंदक ठरला. बंडवाल्यांनी आपली पहिली संरक्षक फळी त्याच्याच काठाने उभारली होती. नंतर शहराने त्याला पावसाळी नाला म्हणून वापरले, मग त्यात सांडपाणी सोडले. आज ‘हैदर कॅनॉल’ हा लखनौच्या दक्षिण भागाचा मुख्य नाला आहे. पाणी आणण्यासाठी खोदलेली वाट पाणी नेण्यासाठी वापरली जाते आहे, आणि तिच्यावर किती वसाहतींचा भार टाकावा याचा हिशेब खोदणाऱ्याने करण्याचे कारणच नव्हते. ‘जुनी झालेली पर्जन्यजलवाहिनी’ असे शब्द आपण अहवालांत वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे पडझड झालेले विटांचे गटार येते. लखनौत अनेक ठिकाणी वाहिनीचे वय हा प्रश्न दुय्यम आहे. ती मुळात त्या कामासाठी केलेलीच नव्हती.

पॅट्रिक गेडेस यांनी १९१६ मध्ये लखनौच्या नगररचनेवर अहवाल दिला. हेच गेडेस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले, म्हणून महाराष्ट्राला ते परके नाहीत. मलेरियाच्या धास्तीने शहरांतली तळी बुजवण्याची जी लाट तेव्हा आली होती, तिला त्यांचा विरोध होता. तळे साफ ठेवा, त्यात मासे सोडा, पण ते राहू द्या, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या अहवालांचे कौतुक पुष्कळ झाले. तळी बुजत राहिली.

१९६० च्या गोमतीच्या महापुरानंतर शहराला दोन्ही काठांनी बांध घालण्यात आले. त्या वेळी हा निर्णय योग्यच होता. त्याची किंमत मात्र पुढे दिसू लागली. बांधाने नदी बाहेर ठेवली, तसे शहराचे पाणी आत ठेवले. नाले जिथे बांधातून नदीला मिळतात, तिथे दारे बसवली. नदी चढली की दारे बंद करायची आणि पंपांनी पाणी उपसायचे. मुंबईकर वाचकाला हे यंत्र ओळखीचे वाटेल. तिथे भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांची तोंडे अडवतो, इथे नदी अडवते. फरक इतकाच की भरती सहा तासांनी ओसरते, नदीची फुगवटी काही दिवस टिकते.

आता थोडी आकडेमोड, कारण नालेसफाईवरच्या चर्चेत तीच नेमकी नसते. एक चौरस किलोमीटरची वसाहत घ्या. तिच्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पडलेले पाणी ५० हजार घनमीटर होते, म्हणजे पाच कोटी लिटर. काँक्रीटचे रस्ते, फरशीची अंगणे आणि पत्र्याची छपरे यांवरून त्यातले ८० टक्के वाहून निघाले असे धरू: ४० हजार घनमीटर. एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल गटार काठोकाठ भरून वाहते आहे आणि या सपाट मुलखात पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे, असे समजू. ते तासाला १,८०० घनमीटर पाणी नेईल. सगळे पाणी निघायला बावीस तास लागतील, तेही मध्ये पुन्हा पाऊस न आल्यास आणि खालचे टोक मोकळे असल्यास. गटारात निम्म्यापर्यंत गाळ असेल तर हिशेब दोन दिवसांच्या घरात जातो. आणि उपसलेले पाणी टँकरने न्यायचे म्हटले, तर दहा हजार लिटरचे चार हजार टँकर लागतील. पावसानंतर दिसणाऱ्या त्या एका फिरत्या पंपाचे छायाचित्र मी पाहतो, तेव्हा हा आकडा मला आठवतो.

गटार लहान का, याचे उत्तर अभियंत्यांच्या नियमपुस्तकात आहे. केंद्राच्या १९९३ च्या मार्गदर्शिकेत पावसाळी गटारांचे निकष दिलेले होते. व्यापारी आणि महागड्या भागांतले गटार दोन वर्षांतून एकदा तुंबले तर चालेल, मध्यवर्ती निवासी भागात वर्षातून एकदा, आणि शहराच्या कडेच्या निवासी भागात वर्षातून दोनदा. म्हणजे कडेला राहणाऱ्याच्या दारात दर पावसाळ्यात दोन वेळा पाणी येणे हे नियमात बसत होते. २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली आणि निकष वाढवले गेले. पण सरोजिनी नगरसारख्या भागांतली बांधलेली गटारे त्याआधीची आहेत, आणि त्या वेळचे ‘कडेचे’ भाग आता शहराच्या पोटात आले आहेत. मुंबईतही हेच झाले होते. तिथली जुनी वाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली. १९८५ च्या पुरानंतर ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाचा अहवाल १९९३ मध्ये आला आणि त्यात ताशी ५० मिलिमीटरचा निकष धरला गेला. काम रेंगाळले, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ९४४ मिलिमीटरसाठी कोणतेच शहर गटार बांधू शकत नाही, हे मान्य. पण ५० मिलिमीटरसाठीही न बांधणे याचा दोष आभाळाला देता येणार नाही.

मग बांधायचे कोणी? इथे मी वाचकांना राज्यघटनेकडे घेऊन जातो, कारण प्रशासनातल्या आमच्या पिढीला या प्रश्नाचे उत्तर तिथे सापडले नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि नागरी संस्थांकडे सोपवण्याचे अठरा विषय दिले. त्यात नगररचना आहे, रस्ते व पूल आहेत, पाणीपुरवठा आहे, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आहे, बस थांबे आहेत, दफनभूमी आणि स्मशाने आहेत, गुरांचे कोंडवाडेदेखील आहेत. पावसाच्या पाण्याचा निचरा मात्र नावानिशी कुठेच नाही. तो शब्द सापडतो सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, सतराव्या नोंदीत, कालवे आणि बांध यांच्या शेजारी. म्हणजे घटनाकारांच्या मनात निचरा हा पाटबंधाऱ्यांचा, शेतीच्या बाजूचा विषय होता. उत्तर प्रदेशच्या १९५९ च्या महापालिका कायद्यात गटारे बांधण्याचे व राखण्याचे कर्तव्य महापालिकेवर आहे, हे खरे. पण ते कर्तव्य हद्दीपाशी संपते. हद्दीबाहेर गेलेले पाणी पाटबंधारे खात्याचे, की पंचायतीचे, की शेतकऱ्याचे, हे प्रत्येक पावसाळ्यात नव्याने ठरते.

सरोजिनी नगरात हद्दींची दाटी आहे. विकास प्राधिकरणाच्या वसाहती, आवास विकास परिषदेच्या योजना, औद्योगिक विकास प्राधिकरणाचे भूखंड, विमानतळाची भिंत, १८६७ मध्ये सुरू झालेल्या लखनौ-कानपूर लोहमार्गाचा भराव, राष्ट्रीय महामार्ग, त्याच्यावर नव्या द्रुतगती मार्गाचा उन्नत भाग, शहीद पथाचा भराव, शारदा कालव्याच्या शाखा, आणि या सगळ्यांच्या फटींत खासगी बिल्डरांचे भूखंड. प्रत्येक यंत्रणा आपापले गटार बांधते. बांधते ती आपल्या हद्दीच्या शेवटापर्यंत. कागदावर ते ‘अस्तित्वातील नाल्यास जोडले’ असे लिहिले जाते. तो अस्तित्वातील नाला म्हणजे कधी रस्त्याकडेची चर असते, कधी शेजारच्याचे गटार, आणि कधी रिकामा भूखंड, ज्यावर पुढच्या वर्षी इमारत उभी राहते.

मी नोकरीत असताना एका जिल्ह्याच्या गावी पावसाळ्यापूर्वीची नाल्यांची पाहणी केली होती. गाव आणि संस्था यांची नावे सांगण्याचे कारण नाही, कारण तसे गाव एकच नव्हते. नाल्याच्या वरच्या दोन किलोमीटरचा गाळ काढलेला होता, मोजमाप पुस्तिकेत त्याची लांबी-रुंदी नीट भरलेली होती, देयकही तयार होते. मी खालच्या टोकापर्यंत चालत गेलो. शेवटच्या तीनशे मीटरमध्ये माणसाच्या उंचीचे गवत होते आणि रस्त्याखालच्या मोरीचा एक गाळा विटांनी बंद केलेला होता. अभियंत्याने सांगितले, ते अगदी खरे होते: ‘साहेब, आमची हद्द मागेच संपली.’ काढलेला गाळ काठावरच वाळत ठेवला होता. पहिल्या पावसाने तो परत आत नेला असणार, याविषयी मला शंका नाही. गाळ लांबीवर मोजला जातो आणि त्याचे पैसे लांबीवर दिले जातात, तोवर कंत्राटदार सोप्या टोकाकडूनच सुरुवात करील. त्यात त्याला तरी किती दोष द्यावा?

डिसेंबर २०१९ मध्ये लखनौ महापालिकेच्या हद्दीत ८८ गावे आली. सरोजिनी नगर तालुक्यातली अनेक गावे त्यात आहेत. गाव शहरात आले की ग्रामसभेची सामाईक जमीन महापालिकेकडे जाते. तळीही जातात. उत्तर प्रदेशच्या महसूल कायद्यात तळ्याच्या जमिनीवर खासगी हक्क निर्माण होऊ शकत नाही, आधीच्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातही तशीच तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ मध्ये गावतळ्यांचे संरक्षण हा राज्याच्या कर्तव्याचा भाग ठरवला, आणि ते प्रकरण उत्तर प्रदेशातल्याच एका तळ्याचे होते. तेव्हा कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती हस्तांतराची. गावात कोणते तळे कुठल्या तळ्याला पाणी देते, हे लेखपालाला ठाऊक असते आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. खसऱ्यात तळ्याचा क्रमांक आणि क्षेत्रफळ असते; चर कुठून जाते, ते बहुधा नसते, कारण ती कोणाच्या तरी शेतातून जाते. शहराकडे क्रमांक गेले, चर गेली नाही. मग तळ्याभोवती कुंपण, फरसबंदी, बाके आणि कारंजे अशी ‘सुशोभीकरणा’ची कामे होतात. काठ उंच होतो आणि पाणी आत येण्याची वाटच बंद होते. कडेकडेने पाणी साचलेले आणि मधोमध तळे अर्धे रिकामे, असे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

पुण्याच्या वाचकांना हे वर्णन परके वाटू नये. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांपैकी काही पुन्हा वेगळी करण्याची प्रक्रियाही झाली. आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे केले, ते शहराच्या जुन्या भागात दिसले, पण त्या पाण्याची सुरुवात कात्रजच्या डोंगरउतारांवर झाली होती. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. आपल्याकडे उतार आहे, त्यामुळे पाणी वेगाने येते, मारते आणि जाते. लखनौत ते हळू येते आणि राहते. तिथे सांडपाणी वाहिन्या सर्वत्र पोहोचलेल्या नाहीत, म्हणून घरांच्या शौचटाक्यांचा निचराही त्याच पावसाळी गटारात होतो. तीन दिवस साचलेले पाणी हे पावसाचे पाणी उरत नाही. ज्यांना त्यात उभे राहून मुलांना शाळेत पोहोचवायचे असते, त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

अतिक्रमणाचा मुद्दा इथे निघतोच. जून २०२४ मध्ये लखनौत कुकरैल नदीकाठचे अकबरनगर पाडण्यात आले, हजाराहून अधिक बांधकामे गेली, रहिवाशांना शहराच्या दुसऱ्या टोकाला घरे देण्यात आली. नदीचे पात्र मोकळे करणे हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण ते तत्त्व गरीब वस्तीपासून सुरू होते आणि तिथेच थकते, असा माझा अनुभव आहे. सईच्या बाजूला ज्या भरावांनी पाणी अडवले आहे, त्यांतले बरेचसे सरकारी यंत्रणांचेच आहेत. रस्त्याखाली किती मोऱ्या ठेवायच्या, कोणत्या पातळीवर ठेवायच्या, हे ठरवणारे बुलडोझरच्या कक्षेत कधी येत नाहीत.

आता केंद्राचा पैसा येणार आहे. त्याच्या खर्चाचे प्रस्ताव कसे लिहिले जातात, हे मला माहीत आहे. जिथे आमदार पाण्यात उभे होते तिथला नाला आधी येईल, मग व्यापारी पेठा, मग पंप, मग पावसाचा इशारा देणारी यंत्रे आणि नियंत्रण कक्षाची भिंतभर पडदे असलेली खोली. यातले काहीही निरुपयोगी नाही. परंतु वरचा नाला रुंद केला आणि खालचा तसाच ठेवला, तर पाणी फक्त अधिक वेगाने खाली पोहोचते. हजरतगंजची समस्या अशा रीतीने गोमतीकाठी नेता येईल. आलमबागची समस्या अमौसीत नेता येईल. अमौसीची कुठे नेणार? तिथून पुढे शेत आहे, शेताच्या पुढे सई आहे, आणि शेत व सई यांच्या मधला भाग शहराच्या प्रस्तावात बसत नाही, कारण तो शहरात नाही.

म्हणून माझी सूचना साधी आणि बरीच अनाकर्षक आहे. लखनौच्या वाट्याच्या निधीतला पहिला खर्च सईच्या पात्रापासून वर येणाऱ्या पातळी-मोजणीवर व्हावा. बनीच्या पुलापासून बंथरा, तिथून अमौसी, नादरगंज, गौरी अशी उलटी चाल. प्रत्येक मोरीचा तळ कोणत्या पातळीवर आहे, प्रत्येक भरावाखाली किती गाळे आहेत, त्यांतले किती उघडे आहेत, याची एकच नोंदवही असावी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे असावी, कारण हद्द ओलांडून सर्वांना बोलावण्याचा अधिकार जिल्ह्यात त्यांनाच आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरी पुरावरची मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्येच काढली. पाणलोट क्षेत्र हाच नियोजनाचा आधार असावा, असे त्यांत म्हटलेले आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कोणत्याही नव्या वसाहतीला पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी तिचे पाणी शेवटी कोणत्या जलाशयात वा नदीत पडते, ते नोंदवहीतल्या क्रमांकासह लिहून घ्यावे. ‘अस्तित्वातील नाल्यास जोडले’ हे वाक्य पुरेसे मानू नये.

या सूचनेला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सईत शहराचे पाणी अधिक वेगाने सोडले तर रायबरेली आणि प्रतापगढच्या काठच्या गावांनी काय करायचे? शिवाय त्या पाण्यात सांडपाणी आहे. म्हणूनच तळ्यांचा विषय मी सौंदर्याचा मानत नाही. ५० हजार घनमीटरपैकी वीस हजार जरी दीड-दोन दिवस गावतळ्यांत थांबले, तर खालच्या नाल्याचा आकार निम्मा करता येतो आणि सईवरचा ताणही उतरतो. एक हेक्टरचे तळे दोन मीटरने खाली ठेवले की वीस हजार घनमीटर जागा मिळते. इतक्या क्षेत्राची तळी महसूल नोंदीत सापडणे अवघड नसावे. मात्र ती जून उजाडण्यापूर्वी रिकामी करावी लागतात, आणि भरलेले तळे रिकामे करायला सुशोभीकरणवाले तयार होत नाहीत.

लेखपालांची जुनी पिढी निवृत्तीला आली आहे आणि ज्या म्हाताऱ्यांना चरींची वाट ठाऊक आहे ते ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना बरोबर घेऊन ८८ पैकी सईच्या बाजूची गावे पायी फिरायला एक उन्हाळा पुरेसा आहे. सईचे पात्र मार्च ते मेदरम्यान सर्वांत आटलेले असते. बनीच्या पुलाखाली उभे राहून पहिली पातळी घ्यायची, तर ती तेव्हाच घेता येते.